‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’: नागपूरच्या कडेला घर घेताना

बेसा, पिपळा, हुडकेश्वर, वानाडोंगरी, गोधनी, कोराडी रोड. यातल्या कुठल्याही भागात तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवरचं बरं घर विकायला निघालं, की दलालाचं ठरलेलं वाक्य येतं: ‘भाऊ, संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.’ हे दर वेळी खोटं नसतं. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडून मुलांच्या शिक्षणासाठी येणारे, गाव सोडून दवाखान्याजवळ राहायला येणारे निवृत्त लोक, मिहानच्या उद्योगक्षेत्रात नोकरी लागलेले, आणि नुसते पैसे गुंतवणारे, सगळे त्याच चार रस्त्यांवर फिरत असतात. त्यामुळे घाई करावी लागते हे खरं. फक्त ती पैशाच्या तयारीत करायची, कागदात नाही. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: आधी घर पसंत करतात, मग बँकेत जातात, आणि तिथे गेलेले वीस दिवस कागद न पाहता भरून काढतात.

पैसे आधी

घर बघायला निघण्याआधी बँकेकडून उत्पन्नावर आधारलेलं मंजुरीपत्र घेऊन ठेवा. तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे दिले की हे काम मालमत्ता न ठरवताही होतं. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे पत्र खिशात असलेला माणूस दोन लाख जास्त बोलणाऱ्या पण ‘बघतो, बँकेत विचारतो’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा असतो.

आता हिशेब. घर ४० लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे इथे ३२ लाख कर्ज, ८ लाख पदरचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता २७,७७० रुपयांच्या आसपास पडतो. मुद्रांक शुल्क या कर्जात धरलं जात नाही. शहरात मूळ ५ टक्क्यांवर स्थानिक अधिभार आणि २०२२ पासूनचा मेट्रोचा १ टक्का मिळून ते ७ टक्क्यांच्या खाली येत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे आणखी ३ लाख १० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावाने असेल तर शुल्कात १ टक्का सूट मिळते, पण ती राहत्या घरावर, फ्लॅटवर. मोकळ्या प्लॉटवर नाही. नवरा-बायको दोघांची नावं घातली तरी सूट जाते.

चुरशीच्या बाजारात खरा फटका मात्र दुसरीकडून बसतो. बँक सौद्याची किंमत आणि आपल्या मूल्यांककाची किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. तुम्ही चढाओढीत ४० ला होकार दिला आणि मूल्यांककाने ३६ लिहिले, तर त्याच ८० टक्क्यांनी कर्ज २८ लाख ८० हजार. पदरचे ८ लाख एका दिवसात ११ लाख २० हजार होतात, वर शुल्क वेगळं. बयाणा (इसाराची रक्कम) बुडण्याच्या पुष्कळ गोष्टींच्या मुळाशी हीच ३ लाख २० हजारांची फट असते. म्हणून शेवटची बोली ठरवताना ही फट हाताशी आहे का, एवढं विचारा.

किंमत योग्य आहे का हे दलालाला विचारून कळत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इ-सर्चमध्ये त्याच मौज्याचे (गावाचे), त्याच खसऱ्याचे (सर्व्हे नंबरचे) मागच्या वर्ष-दीड वर्षाचे दस्त शोधा. प्रत्येकाच्या सूची दोनमध्ये, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यात, क्षेत्र, मोबदला आणि बाजारमूल्य दिसतं. मोबदला कमी दाखवायची आपल्याकडची जुनी खोड लक्षात घेऊन वाचा, पण तीन-चार दस्त पाहिले की चौरस फुटाचा आकडा हवेतला राहत नाही. शासनाचा दर वार्षिक मूल्य दर तक्त्यात मिळतो. शुल्क त्या दराने येणारी किंमत आणि सौद्याची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं.

‘थोडे दोन नंबरमध्ये द्या’ हा आग्रह अजूनही होतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड आहे. पण घेणाऱ्यासाठी त्याहून वाईट म्हणजे सौदा फिसकटला तर त्या पैशाचा कुठेच मागमूस नसतो, आणि त्यावर कर्जही मिळत नाही.

बयाणा

इथे घाई करायला हरकत नाही, कारण बयाणा नीट लिहिला तर घर थांबतं आणि कागद बघायला वेळ मिळतो. रक्कम लहान ठेवा, २१ किंवा ५१ हजार. चेक किंवा ऑनलाइन, आणि थेट मालकाच्या खात्यात. दलालाच्या खात्यात नाही. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर बयाणापत्र करा, त्यावर सातबारा किंवा विक्रीपत्रात जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या घ्या. मुदत ४५ ते ६० दिवस. आणि दोन वाक्यं सोडू नका: मालकी, ले-आउटची मंजुरी किंवा क्षेत्र यांत दोष निघाल्यास बयाणा पूर्ण परत, बँकेने मालमत्तेच्या कायदेशीर कारणाने कर्ज नाकारल्यास बयाणा पूर्ण परत. ‘मालमत्तेच्या’ हा शब्द मालकालाही मान्य होतो, कारण तुमच्या उत्पन्नावरून कर्ज नाकारलं गेलं तर तो दोष त्याचा नाही. पैसे मोठे असतील किंवा मुदत लांब असेल तर नोटरीवर न थांबता नोंदणीकृत करारनामा करा. ताबा मात्र करारात घेऊ नका. ताब्यासह करारनाम्यावर विक्रीपत्राइतकंच शुल्क भरावं लागतं.

आर.एल. म्हणजे काय, आणि काय नाही

नागपूरच्या बाजारात ‘आर.एल. आहे’ हे वाक्य ‘सगळं क्लिअर आहे’ या अर्थाने वापरतात. तसं नाही. आर.एल. म्हणजे रिलीज लेटर. नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) ही ते देणारी संस्था, १९३६ च्या कायद्याची. शहराच्या वाढत्या कडेला शेतजमिनींवर परवानगी न घेता पडलेले प्लॉट पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करायला सुरुवात झाली. ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे इथले परवलीचे शब्द अशाच ले-आउटसाठी वापरतात. तुमच्या प्लॉटचा विकास शुल्काचा डिमांड भरला, नियमितीकरण झालं, की हे पत्र हाती येतं. त्यावर बांधकामाची परवानगी आणि बँकेचं कर्ज अवलंबून असतं. पण ते मालकी सिद्ध करत नाही. मालकी नोंदणीकृत विक्रीपत्रांच्या साखळीतून येते. उलटही खरं: रजिस्ट्री झाली म्हणून ले-आउट मंजूर होत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकाचा हक्क खरा की खोटा याचा निवाडा तो करत नाही. ‘सरकारने रजिस्ट्री करून दिली ना?’ हा युक्तिवाद कुठल्याच कोर्टात चालत नाही.

आर.एल.ची रंगीत झेरॉक्स पाहून समाधान मानू नका. बनावट पत्रं निघाली आहेत. त्याच्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन संबंधित विभागीय कार्यालयात जा आणि प्रमाणित प्रत मागा. त्याआधी ते ले-आउट कोणाच्या अखत्यारीत येतं ते नक्की करा: महापालिका, नासुप्र की शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रासाठीचं एनएमआरडीए. चुकीच्या खिडकीवर आठवडा जातो.

मग एक साधा तक्ता कागदावर आखा. आडव्या ओळीत कागद: विक्रीपत्र, त्याच्या आधीचं विक्रीपत्र, सातबारा किंवा आखीव पत्रिका, आर.एल., आर.एल.सोबतचा नकाशा, डिमांडची पावती, घरपट्टी. उभ्या रांगेत: मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, प्लॉट नंबर, आराजी (क्षेत्र), चतुःसीमा, नाव. सगळे चौकोन जुळले पाहिजेत. चुका इथे सापडतात. खसरा ४२/१ च्या जागी ४२/२. जुन्या नकाशात प्लॉट २७, मंजूर नकाशात २९, कारण मध्ये रस्ता रुंद झाला. विक्रीपत्रात १५०० चौरस फूट, आर.एल.मध्ये १३५०. नियमित १३५० झाले असतील तर पैसे १३५० चेच द्या. क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असेल तर १०.७६४ ने गुणा. १५०० चौरस फूट म्हणजे १३९.३५ चौरस मीटर.

मंजुरी नसलेल्या ले-आउटच्या सातबाऱ्यावर प्लॉट वेगवेगळे दिसत नाहीत, एकाच मोठ्या क्षेत्रावर तीस-चाळीस नावं सामाईक असतात. ‘सातबाऱ्यावर आमचं नाव आहे’ याचा अर्थ मग ‘या चाळीसांत आमचं एक आहे’ एवढाच. इतर हक्काच्या रकान्यात बोजा, कूळ यांचा, आणि सातबाऱ्यावर कुठेही ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा आदिवासी जमिनीचा उल्लेख आहे का तेही पहा. यातल्या शेवटच्या दोनांत सरकारी परवानगी नसेल तर तिथूनच परत फिरा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेल्या प्रतीवर विसंबू नका, आपण काढा.

विकास आराखड्याचा भाग-नकाशा आणि झोन दाखला हा वेगळा कागद आहे, आणि लोक तोच विसरतात. ले-आउटमधली बगिच्याची किंवा सार्वजनिक उपयोगाची जागा नंतर प्लॉट पाडून विकलेली असू शकते. कोपऱ्यावरचा, जरा मोठा, जरा स्वस्त प्लॉट दिसला की आधी मूळ मंजूर नकाशा मागवा. शिवाराच्या कडेला असेल तर पांधण रस्त्याची खूण नकाशात कुठून जाते ते पहा.

गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या जुन्या ले-आउटचा आजार निराळा. तिथे एकच प्लॉट दोन सभासदांना वाटल्याचे प्रकार घडले आहेत, वीस वर्षांच्या अंतराने. संस्थेची सभासद नोंदवही, वाटपपत्र आणि विक्रीपत्र करून देणाऱ्या पदाधिकाऱ्याला तसा ठरावाने अधिकार होता का, हे वकिलाकडून तपासून घ्या. फक्त आममुखत्यारपत्रावर हातोहात आलेला प्लॉट असेल तर २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं स्वच्छ आहे: मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही.

नासुप्रचा लीजचा प्लॉट किंवा नझूलची (सरकारी मालकीची) जागा असेल तर लीज किती वर्षांची, केव्हा संपते, हस्तांतरणाची ना-हरकत आणि त्याची फी कोण भरणार, एवढं बयाणापत्रातच लिहा. वारसांचं घर असेल तर बहिणींच्या सह्या. ‘ती काही मागत नाही’ हे हक्कसोडपत्र नव्हे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. सावनेर, काटोल, उमरेड, रामटेककडच्या गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. जुने दस्त आणि असेल तर मालमत्ता पत्रक मागा.

फ्लॅटचं तुलनेने सोपं. महारेराचा क्रमांक तपासा, करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त देऊ नका, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर जीएसटी नाही. सोनेगाव विमानतळाच्या आसपास उंच इमारतीला विमानतळ प्राधिकरणाची उंचीची ना-हरकत कितव्या मजल्यापर्यंत आहे ते विचारा.

हे सगळं झाल्यावर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना. हरकतीसाठी सात ते पंधरा दिवसांची मुदत देतात. मालक ‘सूचना कशाला छापता, बदनामी होते’ म्हणाला तर ती हमखास छापा.

घर उभं आहे त्या मातीचं

नागपूरच्या बऱ्याच कडेच्या भागांत काळी कपाशीची माती आहे. पावसाळ्यात फुगते, मेमध्ये आकसून हातभर भेगा पाडते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल आणि प्लिंथ बीम (जोत्यातला बीम) नसेल तर घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. ओळखायचं कसं? खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, नाणं शिरेल एवढी भेग पायाची असते. भिंतभर जाळीसारख्या केसाएवढ्या रेषा प्लास्टरच्या, त्यांची काळजी नको. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर कपाटामागे आणि जिन्याखाली पहा. मोकळ्या प्लॉटवर पाच फुटांचा एक खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते पाहणं हजार-दीड हजारांत होतं, आणि पायाचा खर्च त्यावर लाखाने कमी-जास्त होतो.

सिमेंट रस्ता झालेल्या गल्लीत घराचा प्लिंथ आणि रस्ता यांची उंची ताडून पहा. रस्ता वर आणि अंगण खाली गेलेली घरं शहरभर आहेत. मुसळधार पावसात पाणी आधी त्यांच्या बैठकीत येतं. नाला किती दूर आहे हे उन्हाळ्यात कळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचे चांगले, जुने, महागडे ले-आउट पाण्यात गेले. तेव्हा शेजारच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठे होती, हे शेजाऱ्याला विचारा. मालकाला नाही.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, दुपारी तीनला घर बघायला जाणारा माणूस वेडा वाटतो, पण तीच वेळ. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पहा. वरचा मजला असेल तर छताला. कूलर बसवायला खिडकी कुठली, त्याला पाणी कुठून, आणि हवा जायला समोर झरोका आहे का? या तीन गोष्टी नसलेलं घर पुढे दोन एसीच्या बिलाने वसूल करतं. पाण्याचं विचारताना ‘येतं का’ असं विचारू नका. मे महिन्यात किती दिवसांनी, किती वाजता आणि टँकर लागतो का, असं विचारा. महापालिकेची हद्द संपली की नळ कोणाचा हेही बदलतं. गडर लाइन आहे की सेप्टिक टँक? वरून हायटेंशन लाइन जाते का? आणि प्लॉट स्वतः टेपने मोजा, दोन्ही कर्णांसकट. तीस बाय पन्नासचा कर्ण ५८ फूट पावणेचार इंच भरतो. दोन कर्णांत फूटभर फरक निघाला तर प्लॉट काटकोनात नाही, आणि कुंपण कोणीतरी सरकवलं असण्याची शक्यता आहे. मग सरकारी मोजणीशिवाय पुढे जाऊ नका.

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुढे

किंमत न वाढवताही सौदा आपल्याकडे वळवता येतो. विकणाऱ्याला काय हवंय ते विचारा. कोणाला नवं घर तयार होईपर्यंत दोन महिने इथेच राहायचं असतं. तेवढी मुदत लेखी, तारखेसह आणि थोडी रक्कम हातची राखून दिली तर तो लाखभर सोडतो. कोणाच्या घरावर कर्ज असतं आणि पुढे काय करायचं हे त्याला माहीत नसतं. तेव्हा त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि जमा कागदांची यादी मागवायची, तुमची बँक थेट त्या कर्जखात्यात पैसे भरते, मूळ कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात, आणि उरलेली रक्कम मालकाला. हे तुम्ही त्याला समजावून सांगितलंत की इतर गिऱ्हाइकं आपोआप गळतात. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून तुम्हालाच भरायचा आहे, हेही त्याला आधी सांगा. रजिस्ट्रीच्या दिवशी सांगितलं की भांडण.

रजिस्ट्री आणि नंतर

दस्ताचा मसुदा वकिलाकडून आल्यावर तुमच्या त्या तक्त्याशी पुन्हा ताडून पहा. खसरा नंबरातली टंकलेखनाची चूक दुरुस्त करायला नंतर चूकदुरुस्तीपत्र आणि त्याच सगळ्या सह्या लागतात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. दोन साक्षीदार, सगळ्यांचे मूळ ओळखपत्र, शुल्काचं चलन. उरलेला पैसा त्याच टेबलावर, आणि चेक नंबर दस्तात.

त्यानंतर लोक पेढे वाटतात आणि थांबतात. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीचे पंधरा दिवस जातात. नोंद मंजूर झाली की नाही ते जाऊन बघावं लागतं. महापालिकेत किंवा नगरपंचायतीत घरपट्टीवर नाव, महावितरणचं मीटर, पाण्याचं मीटर. या प्रत्येकाची मागची थकबाकी आता तुमच्या घरावर आहे, म्हणून शेवटच्या पावत्या रजिस्ट्रीआधी घ्यायच्या असतात. कर्ज घेतलं असेल तर तारण ठेवल्याची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे दाखल झाली का, हे बँकेला विचारा. आणि बँकेत मूळ कागद देताना पानांच्या संख्येसकट यादीवर शिक्का घ्या. वीस वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा आर.एल.चं मूळ पत्र त्या पाकिटात होतं हे दाखवायला तेवढा एकच कागद तुमच्याकडे असेल.